मँडरिन वर्ग सोमवारपासून. नावे शुक्रवारपर्यंत द्या

सर्व सभासदांना नमस्कार,

मँडरिनचा, म्हणजे प्रमाण चिनी भाषेचा, प्राथमिक वर्ग येत्या सोमवारी संध्याकाळी ६ वाजता विद्यापीठाच्या भाषा विभागात सुरू होतोय. विद्यार्थ्यांबरोबरच परिसरातल्या कोणालाही येता येईल. वयाची किंवा शिक्षणाची अट नाही.

– नाव शुक्रवारपर्यंत विभागाच्या कार्यालयात नोंदवा. विद्यार्थ्यांनी ओळखपत्र आणावे.
– पहिले दोन आठवडे कृपया चुकवू नका.

हे दुसरे मुद्दाम सांगतोय. या दोन आठवड्यांत फक्त उच्चार आणि चार सूर होतील. 'मा' एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात रागावणे! नंतर आलेल्यांची गाडी इथेच अडते. शिवाय पिनयिन, म्हणजे मँडरिनचे उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची १९५८ पासूनची पद्धत, इंग्रजीसारखी वाचायची नाही. तिच्यातला 'बी' आपल्या 'प'च्या जवळचा, आणि 'पी' ओठ मिटून म्हटलेल्या 'फ'च्या. मराठी कानाला हा फरक लवकर कळतो, हा आपला फायदा.

चिनी अक्षरे तिसऱ्या आठवड्यापासून, सोप्या केलेल्या रूपात. त्यासाठी चौकटींची वही आणा. एचएसके (चिनी भाषेची प्रमाणित परीक्षा) द्यायची असेल तर नोंदणीच्या वेळीच सांगा, सराव वेगळा घेऊ.

– वर्ग समन्वयक