देहबदल, मस्तक आणि अण्णांची बोटं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला देहबदलाच्या कथांवरचा लेख दोनदा वाचला. वेताळाने राजाला घातलेलं मस्तकांच्या अदलाबदलीचं कोडं सांगून लेखकाने निकाल दिला आहे, की माणूस म्हणजे त्याचं मस्तक, धड कुणाचंही चालतं. मला हे पटलं नाही.

आधी गोष्टीबद्दल. लेखात नवरा आणि त्याचा मित्र असे दोघे आहेत. तसाही एक पाठ आहे. पण काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त ही कथा सांगितली, तिथे दुसरा पुरुष म्हणजे बायकोचा, मदनसुंदरीचा, भाऊ. देवीच्या देवळात दोघेही आपापलं शिर उतरवतात, देवी प्रसन्न होते आणि गडबडीत मदनसुंदरी नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर ठेवते. हा फरक किरकोळ नाही. मित्राचं धड 'चालेल' म्हणणं सोपं आहे. भावाचं म्हटल्यावर पोटात कालवतं. धड म्हणजे नुसतं ओझं असतं, तर तसं व्हायचं कारण काय? आता तिचा नवरा कोणता, असं वेताळ विचारतो. राजा सांगतो, सर्व अंगांत मस्तक श्रेष्ठ, म्हणून ज्याला नवऱ्याचं डोकं तो नवरा. वेताळ परत झाडावर जातो, गोष्ट संपते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, वाईतल्या एका छापखान्यात ३१ वर्षं कंपोझिटर, म्हणजे शिशाचे अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावणारे, होते. शेवटची दोन वर्षं स्मृतिभ्रंशाची. मला ते "बाई, तुम्ही कुठल्या?" असं विचारायचे. मी त्यांची थोरली मुलगी. पण पुढ्यात भाजलेले शेंगदाणे ठेवले की डावा हात आपोआप स्टिक, म्हणजे खिळे जुळवायची छोटी पट्टी, धरल्यासारखा वळायचा, अंगठा आत. उजव्या हाताने एक दाणा उचलायचे, बोटांत फिरवायचे आणि अंगठ्यापाशी टेकवून ठेवायचे. मग दुसरा. फिरवायचे कशासाठी, हे माझ्या लेकाला कळेना. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. ती बोटाला लागली की न बघताही कळतं, खिळा कोणत्या बाजूने बसवायचा. अण्णा दाण्यावर ती खाच शोधत होते. सात-आठ दाण्यांची ओळ झाली की अंगठ्याने दाबून घट्ट बसली का बघायचे आणि हात माझ्यापुढे करायचे. "बरोबर आहे अण्णा," म्हटलं की दाणे ताटलीत सोडून पुढची ओळ सुरू.

डॉक्टर म्हणाले, हातांची ही सवयसुद्धा मेंदूतच असते, फक्त नावं-चेहरे लक्षात ठेवणाऱ्या भागांहून वेगळ्या भागांत. मान्य. पण अण्णांचं डोकं दुसऱ्या कुणाच्या धडावर बसवलं असतं, तर ज्या बोटांच्या टोकांना खाच कळत होती ती कुठून आणायची? गिरीश कर्नाडांच्या 'हयवदन' नाटकात देवदत्त आणि कपिल या दोन मित्रांची डोकी अशीच बदलतात आणि हेच दुखणं कपिलच्या वाट्याला येतं. डोकं त्याचं, धड देवदत्ताचं, आणि त्या धडाला त्याच्या स्वतःच्या आठवणी आहेत. तिथे मला नाटककार वेताळाच्या राजापेक्षा खरा वाटतो.

अण्णा ज्ञानेश्वरी वाचायचे. जुनं वस्त्र टाकून नवं नेसावं तसा आत्मा देह बदलतो, ही त्यांची श्रद्धा होती आणि माझीही आहे. पण त्यांचा खादीचा सदरा मी अजून कपाटात ठेवला आहे, त्याच्या कोपराला त्यांच्या कोपराचा बाक तसाच आहे.

'भगवदज्जुकम्' या जुन्या संस्कृत प्रहसनाचा लेखात उल्लेखही नाही, याची हळहळ वाटली. सरळसरळ देहबदलाची गोष्ट आहे ती. यमदूत नाव चुकून भलत्याच वसंतसेनेचे, एका गणिकेचे, प्राण नेतो. शिष्याला योगाचं सामर्थ्य दाखवायला एक संन्यासी त्या गणिकेच्या देहात शिरतो. चूक सुधारायला परत आलेला यमदूत देह भरलेला पाहून तिचे प्राण संन्याशाच्या देहात घालतो. आई रडत लेकीजवळ येते, तर लेकीच्या तोंडून संन्यासी म्हणतो, मला शिवू नकोस. प्रेक्षक इथे हसतात. माझ्याही एका मैत्रिणीला हे सांगताना हसू आवरेना. मी हसू शकले नाही. चेहरा आपल्या माणसाचा आणि आतून कुणी परकं बोलतंय, हे मी दोन वर्षं रोज ऐकलं आहे. तरी त्या आईसारखी मीही पुन्हा पुन्हा जवळ जात राहिले, कारण हात अण्णांचेच होते.

लेखकांना विनंती, पुन्हा या विषयावर लिहाल तेव्हा मदनसुंदरीच्या बाजूने लिहा. उत्तर राजाने दिलं, पण त्या दोघांना घेऊन घरी तिलाच जायचं होतं. कुणाला काय हाक मारायची, कुणापुढे ताट ठेवायचं, हे तिलाच ठरवायचं होतं.

आपली नम्र,
एक वाचक, वाई (जि. सातारा)