माळ्यावरचे कायदे

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. तू पाठवलेली 'अमेरिकेतले येडचाप कायदे' ही यादी वाचली. मागच्या खिशात आइस्क्रीमचा कोन ठेवायला बंदी, गाढवाला बाथटबमध्ये झोपवायला बंदी वगैरे. अरे, या याद्या इथेही वर्षानुवर्षं फिरतात. त्यातल्या बहुतेकांना ना कलम असतं, ना साल. तू वकील माणूस. कलमाशिवाय आलेली फिर्याद दुसऱ्याच्या हातात दिसली असती तर फाडून खाल्लं असतंस त्याला. पण खाली तू जो प्रश्न विचारलायस तो खरा आहे: "एवढी राज्यघटना, एवढे मूलभूत हक्क, मग असले कायदे टिकतात कसे?" नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी अमेरिकेच्या घटनेच्या पहिल्या दुरुस्तीतले, म्हणजे धर्म, भाषण वगैरे स्वातंत्र्यांचे हक्क मी घोकले होते, तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी माझ्या अंगणातले दोन. न्यू जर्सीत गाडीत पेट्रोल स्वतः भरणं कायद्याने मना आहे. १९४९चा कायदा. कारण दिलंय आगीच्या धोक्याचं. इथली जुनी माणसं मात्र सांगतात, की एकाने ग्राहकालाच नळी हातात देऊन स्वस्तात पेट्रोल विकायला सुरुवात केली आणि बाकीचे पंपवाले आमदारांकडे धावले. २०२३ साली ओरेगॉननेही ही बंदी सैल केली, तेव्हापासून देशात आम्ही एकटेच. गंमत म्हणजे कोणाची तक्रार नाही. जानेवारीत बोचरं वारं सुटलं की गाडीची काच दोन बोटं खाली करून "फुल" म्हणण्यात जे सुख आहे, त्यासाठी घटनेतला एखादा हक्क गहाण टाकायलाही आमची तयारी आहे.

दुसरा आमच्या उत्तरेला, बर्गन काउंटीत. तिथे रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणं, बांधकामाचं सामान विकता येत नाही. पॅरामस गावात मॉलमागून मॉल आहेत, आणि रविवारी सगळे बंद. एकाच दुकानात दूध मिळतं, पण मोजे मिळत नाहीत. मोज्यांच्या रांगेला दोरी बांधलेली असते. मूळ कारण ख्रिस्ती धर्मातला विश्रांतीचा वार. आता स्थानिकांना तो एक दिवस रस्ते मोकळे मिळतात म्हणून हवा असतो. देव बाजूला झाला, ट्रॅफिक त्याच्या जागी आलं.

यावर तू म्हणशील, की सरकारने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये असं पहिल्या घटनादुरुस्तीतच आहे ना? आहे. आणि हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेलाही. मेरीलँडमधल्या एका मोठ्या दुकानातल्या नोकरांना दंड झाला होता. गुन्हा काय? रविवारी एक फाइल, फरशीच्या पॉलिशचा डबा, स्टेपलर आणि त्याच्या पिना आणि एक खेळण्यातली पाणबुडी विकली. मे १९६१मध्ये कोर्ट म्हणालं, कायद्याचा उगम धार्मिक असेल, पण आज त्याचा हेतू सर्वांना एकाच दिवशी सुट्टी मिळावी एवढाच आहे; कायदा वैध. मला हा निकाल पटत नाही. ज्याचा शब्बाथ शनिवारी असतो त्या ज्यू दुकानदाराला आठवड्यातून दोन दिवस दुकान बंद ठेवायला लागायचं, आणि अशा दुकानदारांचा वेगळा खटलाही त्याच दिवशी कोर्टाने फेटाळला.

पुढचं ऐक, कारण खरी मेख इथे आहे. त्याच वर्षी, १९ जून १९६१ रोजी, सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला रॉय टॉरकासोचा. त्याला मेरीलँडमध्ये नोटरी व्हायचं होतं. राज्याची अट अशी, की देव आहे असं जाहीर करा. तो नास्तिक, त्याने नकार दिला, नेमणूक गेली. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, अशी अट घालताच येत नाही. चोख निकाल. पण मेरीलँडच्या घटनेतलं (इथे प्रत्येक राज्याची स्वतःची घटना असते) ते वाक्य? ते आजही छापलं जातं. टेक्सास, टेनेसी, दोन्ही कॅरोलायना, मिसिसिपी, आर्कान्सा, सगळ्यांच्या घटनांत अशा अर्थाची कलमं आहेत. टेनेसीचं तर फारच मासलेवाईक. तिथे पाद्र्यांनी आमदार होऊ नये असंही एक कलम होतं. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने ते रद्दबातल ठरवलं. २०२२मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, टेनेसीच्या मतदारांनी ते घटनेतून काढलं, आणि त्याला लागूनच असलेलं नास्तिकांना पदबंदीचं कलम तसंच ठेवलं! समोर झाडू घेऊन उभं राहायचं आणि एकच फरशी झाडायची, याला काय म्हणावं?

दुसरा निकाल कनेक्टिकटचा. १८७९चा कायदा: संततिनियमनाचं साधन वापरणं हाच गुन्हा, नवराबायकोंनीसुद्धा. हा कायदा आणण्यात बार्नम या सर्कसवाल्याचा हात होता. तो तेव्हा तिथे आमदार होता. काही जोडपी आणि त्यांचे डॉक्टर कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, ऐंशी वर्षांत या कायद्याखाली खटला भरल्याचं एकच उदाहरण सापडतं, अंमलबजावणी होतच नाही, मग भांडण कुठेय? परत जा. वाचताना माझं डोकं भणभणलं. वापरत नाहीत म्हणून कायदा निरुपद्रवी, आणि निरुपद्रवी म्हणून तो रद्द करायचा नाही. प्रत्यक्षात त्याच न वापरलेल्या कायद्याच्या धाकाने तिथे संततिनियमनाचा दवाखाना उघडत नव्हता. पैसेवाल्या बायका खाजगी डॉक्टरकडे जात. गरिबांनी काय करायचं?

मग एस्टेल ग्रिसवोल्ड या बाईंनी आणि डॉ. बक्स्टन यांनी जे केलं ते तुला आवडेल. १९६१च्याच नोव्हेंबरात न्यू हेवन गावात त्यांनी सरळ दवाखाना उघडला, अटक व्हावी म्हणूनच. थोड्याच दिवसांत पोलीस आले. दोघांना शंभर-शंभर डॉलर दंड झाला. आता भांडण आहे की नाही? १९६५मध्ये सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा मोडीत काढला. विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनीही या कायद्याला अतोनात मूर्ख म्हटलं, पण त्यांचं म्हणणं, मूर्खपणा म्हणजे घटनाभंग नव्हे. मूर्ख कायदा बदलायला विधिमंडळ आहे. तुमच्या वकिलांच्या बारमध्ये यावर एक संध्याकाळ सहज जाईल.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इथलं कोर्ट कायदा पुस्तकातून खोडत नाही. ते फक्त म्हणतं, की हा लागू करता येणार नाही. खोडायचं काम विधिमंडळाचं किंवा मतदारांचं, आणि त्यात कोणाला रस नसतो. उलट मतं जाण्याची भीती. म्हणजे माळ्यावर टाकलेल्या जुन्या स्टोव्हसारखं समज: कोर्टाने त्यातलं रॉकेल काढून घेतलं, स्टोव्ह जागेवरच. पुढे कोणी रॉकेल ओतलं तर पेटायला तयार.

आणि ओतलं. गर्भपाताचा घटनात्मक हक्क १९७३च्या निकालाने मिळाला होता, तो ग्रिसवोल्डच्याच पायावर उभा होता. जून २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने तो काढून घेतला. बरोबर ॲरिझोनाच्या माळ्यावर १८६४चा कायदा सापडला. १८६४! यादवी युद्ध चालू होतं, ॲरिझोना राज्यच नव्हतं (ते झालं १९१२ साली), बायकांना मत नव्हतं. आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात करणाऱ्याला दोन ते पाच वर्षं कैद. ९ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हा कायदा लागू होऊ शकतो. देशभर गदारोळ झाला. विधिमंडळाने घाईने तो रद्द केला, गव्हर्नर केटी हॉब्ज यांनी २ मे रोजी सही केली, आणि नोव्हेंबरात मतदारांनी हक्क राज्याच्या घटनेतच घातला. तोवर ॲरिझोनातल्या डॉक्टरांनी ते आठवडे कसे काढले असतील, विचार कर. आइस्क्रीमच्या कोनावर हसून झालं की हेही त्या यादीत घाल.

हक्क मिळाला तरी माणसांच्या मनातून कायदा जात नाही, हेही खरं. गोऱ्याकाळ्यांच्या लग्नावरची बंदी १९६७मध्ये लव्हिंग आडनावाच्या जोडप्याच्या खटल्यात संपली. त्या जोडप्याला व्हर्जिनियात एक वर्षाची शिक्षा झाली होती आणि राज्य सोडून गेलात तर ती स्थगित, अशी मेहेरबानी. अलाबामाच्या घटनेतून बंदीचं वाक्य निघालं ते २००० साली, सार्वमताने. आणि ते निघू नये म्हणून सुमारे चाळीस टक्के लोकांनी मत दिलं. ज्या कायद्याने काहीच होणार नव्हतं, त्यासाठी रांगेत उभं राहून!

सगळेच काही असे विषारी नसतात. केंटकीत गव्हर्नरपासून वकिलापर्यंत सगळ्यांना आजही शपथ घ्यावी लागते, की मी प्राणघातक शस्त्रांनी द्वंद्वयुद्ध केलेलं नाही, कोणाला आव्हान दिलेलं नाही आणि कोणाचा निरोप्याही झालेलो नाही. आपल्या कॉलेजातली ती कँटीनमागची मारामारी धरली तर तुझी सनद तिथे अडकली असती.

आणि फार हसू नकोस. तुमच्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-अ कलम (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं) मार्च २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं. सुरुवात आपल्याच पालघरच्या दोन मुलींच्या अटकेपासून झाली होती, एका फेसबुक पोस्टवरून. तरी पुढे कितीतरी वर्षं पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले आणि २०२१मध्ये कोर्टाला पुन्हा कान उपटावे लागले.

शेवटी एक तुझ्या धंद्यातली गोष्ट. नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या माणसांना', असा इथला १७९०चा कायदा. पुढे त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई बाहेरच. नोव्हेंबर १९२२मध्ये ओझावा या जपान्याला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू नाहीस. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद नावाचे पंजाबी शीख उभे राहिले: वंशशास्त्र मला कॉकेशियन म्हणतं, मग द्या. ओझावाचा निकाल लिहिणाऱ्या त्याच न्यायमूर्ती सदरलँडनी लिहिलं, शास्त्र राहू दे, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. दोन्हीकडून हरायची सोय! मग सरकारने आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांची नागरिकत्वं काढून घ्यायला सुरुवात केली. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, लॉस एंजेलिसमध्ये वकिली करणारे, जन्म अहमदाबादचा. ते स्वतः १९१४ साली नागरिक झालेले, त्यामुळे नोटीस त्यांनाही आली. पंडितांनी वंशाच्या चिखलात पाऊलच टाकलं नाही. ते म्हणाले, १९१४च्या निकालावर सरकारने अपील केलं नाही, त्या निकालाच्या भरवशावर मी सनद घेतली, लग्न केलं, घर उभं केलं. आता तुम्हाला तो उकरता येणार नाही. १९२६मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला, आणि सरकारने अशी बाकीची प्रकरणंही सोडून दिली. हिंदी लोकांना कायद्याने दार उघडलं ते १९४६ साली. त्याआधी वीस वर्षं हा गृहस्थ निव्वळ वकिली डोक्यावर नागरिक राहिला.

मुग्धा इथे एलएलएमला येणार असं वहिनी म्हणाल्या. तिला पंडितांचा हा निकाल शोधून वाचायला सांग, आणि थिंदच्या आधी ओझावा वाच म्हणावं. कनेक्टिकटचे १९६१ आणि १९६५ हे दोन निकालही तसेच, पाठोपाठ. आली की आधी आमच्याकडे उतरू दे. फक्त रविवारी विमानतळावरून थेट पॅरामसला खरेदीला नेणार नाही, एवढं सांगून ठेव.

वहिनींना नमस्कार, मुग्धाला आशीर्वाद.

तुझा,
दिनू