रजेच्या कागदावरचे निदान

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 10 ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन पाळला जातो आणि 2024 साली तर त्याचा विषयच कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा होता. त्या दिवशी कार्यालयांतून व्याख्याने होतात, ‘मन मोकळे करा’ असा सल्ला दिला जातो. तो ऐकला की मला आमच्या कार्यालयातले आवक-जावकचे टेबल आठवते.

मी नोकरीची शेवटची बारा वर्षे आस्थापना शाखेत रजेच्या फाइली हाताळल्या. वैद्यकीय रजेच्या अर्जाला डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यावर आजाराचे नाव असते. आवक लिपिक त्यावर शिक्का मारतो, शिपाई ते टेबलावर आणून ठेवतो, लिपिक टिपणी लिहितो, मुख्य लिपिक आणि अधीक्षक ती तपासतात, आणि साहेबांची सही होईपर्यंत पाच-सहा जणांनी तो कागद वाचलेला असतो. आजार कावीळ असेल तर जेवणाच्या सुट्टीत उसाचा रस कुठला घ्यावा याची चर्चा होते. नैराश्य असेल तर माणूस आत आला की बोलणे थांबते.

आमचा एक सहकारी असाच एका सकाळी चार घड्या घातलेले प्रमाणपत्र घेऊन माझ्यासमोर बसला. कागद पुढे न करता त्याने हळूच विचारले, “भाऊसाहेब, यावर कावीळ लिहून आणले तर चालेल का?” मी नियमाने वागलो, खरेच कारण द्यावे लागेल म्हणालो. पुढे त्याला दीड महिन्याची रजा मिळाली, औषधाने गुणही आला. पण रुजू झाल्यावर त्याच्याकडचे रोखीचे काम काढून घेण्यात आले आणि त्या वर्षीच्या गोपनीय अहवालात ‘जबाबदारीचे काम सोपविण्यास योग्य नाही’ असा शेरा आला. नंतर तो गोळ्या जीवनसत्त्वाच्या रिकाम्या बाटलीत घालून आणू लागला. माझ्या त्या उत्तराची टोचणी मला आजही आहे.

त्यानंतर माझ्याकडे आलेल्या ‘कंबरदुखी’ आणि ‘विषमज्वर’ यांपैकी किती खरे होते, कोण जाणे! बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले होते. डॉक्टरांची कमतरता, पैशाची अडचण ही कारणे त्यात आहेतच. पण उपचार घेतले की रजेच्या कागदातून ते फुटणार, ही धास्तीही नोकरदाराला दवाखान्याच्या पायरीवरून मागे फिरवते.

शिवाय हे खोटे नाव पुढे त्याच माणसाच्या अंगाशी येते. औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांचेच पाहा. कर्मचारी राज्य विमा योजनेत दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ मिळतो. ठरावीक सेवा व वर्गणीच्या अटी पूर्ण केलेल्या कामगाराला सरासरी रोजच्या वेतनाच्या 80 टक्के रक्कम दीर्घकाळ मिळू शकते, आणि त्या 34 आजारांच्या यादीत मनोविकारांच्या गटात नैराश्याचा एक प्रकारही नमूद आहे. हे पुष्कळ कामगारांना माहीत नसते, आणि ज्याला कळते त्याच्या कागदांवर तोवर वर्षभर ‘कंबरदुखी’ लिहिलेली असते.

कायदा या बाबतीत मुका नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधील कलम 23 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते आणि कलम 21 आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगते. पण गोपनीयतेचे बंधन कलम 23 ने स्पष्ट शब्दांत घातले आहे ते उपचार करणाऱ्यांवर. डॉक्टरांनी तोंड बंद ठेवायचे आणि त्यांनीच लिहिलेला कागद आवक लिपिकाच्या टेबलावर उघडा पडायचा, यातली विसंगती आजवर कोणाला खटकलेली दिसत नाही.

माझी मागणी म्हणून अगदी छोटी आहे. कार्यालयात फिरणाऱ्या प्रमाणपत्रावर कर्मचारी अमुक दिवस कामास असमर्थ आहे आणि अमुक तारखेपासून समर्थ आहे, एवढेच असावे; आजाराचे निदान बंद लिफाफ्यात रजा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे आणि तेही दीर्घ रजा असेल तरच. आजाराचे नाव झाकले की कामचुकारांचे फावेल, असा आक्षेप येईल. परंतु संशय आल्यास सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दुसरे मत मागवण्याची सोय रजा नियमांत आजही आहे. माझ्या बारा वर्षांत ती जेमतेम दोनदा वापरली गेली. खासगी कंपन्यांना तर हा बदल स्वतःच्या अखत्यारीत करता येईल. समुपदेशनाचे कंत्राट देऊन कर्मचाऱ्यांची नावे मात्र मनुष्यबळ विभागाने मागवायची, असला प्रकार तिथे होत असेल तर तोही थांबावा.

तोवर निदान सूचनाफलकावर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक लावावा. ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा चोवीस तास चालू आहे आणि तिथे फोन करायला कोणाची मंजुरी लागत नाही, की रजेचा अर्जही द्यावा लागत नाही.

वर उल्लेख केलेल्या सहकाऱ्याला हे पत्र वाचून दाखवूनच मी ते आपल्याकडे पाठवत आहे. माझे नाव व गाव मात्र कृपया छापू नये. त्यावरून तो सहज ओळखू येईल, आणि त्याचा मुलगा आता त्याच कार्यालयात नोकरीला आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त कर्मचारी