कोपऱ्यातला हत्ती

बेळगाव

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

रविवारी टिळकवाडीतल्या बुद्धिबळ स्पर्धेत खेळले. बाबा, शेवटच्या फेरीचा डाव फोनवर सांगितला तर तुमचा पट निम्म्यातच विस्कटतो, म्हणून लिहून पाठवते.

समोर नववीतला पोरगा, रेटिंग माझ्याहून बरंच वर. मला काळी मोहरी. मी किंग्ज इंडियन बचाव मांडला: घोडा एफ-६, प्यादं जी-६, उंट जी-७, डी-६, कॅसलिंग, मग ई-५. मधली घरं आधी समोरच्याला घेऊ द्यायची. तुम्ही म्हणाल, हे तर आपल्या नंदगडच्या कट्ट्यावरचं देशी बुद्धिबळ, प्यादं एकेक घर! आहेच तसं. १८५० च्या दशकात कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रन साहेबाशी असेच खेळायचे. कॉक्रननं ते डाव टिपून ठेवले आणि या बचावांना ‘इंडियन’ नाव चिकटलं.

त्यानं डी-५ रेटून मधला भाग बंद केला. मग तो वजिराच्या बाजूनं घुसला, मी एफ-५, एफ-४, जी-५, जी-४ करत त्याच्या राजावर. यात जपायचा तो सी-८ चा उंट. घरातून हलत नाही, नवख्याला निकामी वाटतो, पण शेवटचा घाव त्याचाच. पोराचा घोडा सी-७ वर आला. तिथून ई-६ वर उतरता तर मला उंट द्यावाच लागला असता. पण त्याला कोपऱ्यातला हत्ती दिसला. खा म्हटलं! मी जी-३ ढकललं, त्यानं एच-३ केलं, आणि त्याच प्याद्यावर मी उंट घातला. त्यानं तो घेतला आणि राजाचं दार उघडं पडलं. वजीर आत शिरल्यावर त्यानं हात पुढे केला. नंतर व्हरांड्यात डाव परत मांडला, तो कानडीत, मी मराठीत. त्याच्या आईनं चहा पाजला.

आई, जेवून खेळले, काळजी नको. चषक बरा आहे, पण टीव्हीवर ठेवू नकोस.

बाबा, एक बघून ठेवा. घोडा ई-६ वर आला, मी उंटानं मारला, त्यानं डी-प्याद्यानं परत घेतलं, तर माझा हल्ला उरतो का? शनिवारी येते तेव्हा सांगा. पांढरी घेऊन आईला बसवा, तुमच्याहून बरी खेळते.

तुमची,
ताई