टेम्प्लरांचे वारस आम्ही नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत टेम्प्लर या मध्ययुगीन ख्रिस्ती योद्ध्यांवरचा लेख वाचला. लढायांची वर्णने छान उतरली आहेत. पण ‘आजचे फ्रीमेसन हे त्यांचेच छुपे वारस’ हा लेखातला निष्कर्ष मला मान्य नाही. मी स्वतः एका लॉजचा, म्हणजे फ्रीमेसन या बंधुसंघाच्या शाखेचा, सभासद आहे, म्हणून हे पत्र.

जेरुसलेमच्या यात्रेकरूंच्या रक्षणासाठी १११९च्या सुमारास उभा राहिलेला हा पंथ १३१२मध्ये पोपने बरखास्त केला. त्याआधी १३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याने त्यांची सरसकट धरपकड केली होती. राजाच त्यांचा कर्जदार होता, एवढे सांगितले तरी पुरे. लंडनचे पहिले ग्रँड लॉज, म्हणजे फ्रीमेसन लॉजांची मध्यवर्ती संस्था, स्थापन झाल्याचे रूढ साल १७१७. मधल्या चारशे वर्षांत दोघांना जोडणारा एकही विश्वसनीय कागद नाही. उलट एडिनबरोच्या लॉजची १५९९पासूनची इतिवृत्ते आजही शाबूत आहेत आणि त्यांत पाथरवटांच्या धंद्याचे नियम व तंटे आहेत. मेसन म्हणजे मुळात पाथरवटच; आम्ही कमरेला बांधतो तो एप्रनही त्यांचाच.

मग योद्धे आले कुठून? १७३०च्या दशकात पॅरिसमध्ये रॅम्से नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने मेसनरीचे मूळ क्रुसेडमध्ये, म्हणजे जेरुसलेमसाठीच्या ख्रिस्ती धर्मयुद्धांत, असल्याचे भाषणात मांडले. फ्रेंच उमरावांना गवंड्यांपेक्षा सरदार पूर्वज परवडणारच! पुढे जर्मनीत बॅरन फॉन हुंड याने थेट टेम्प्लरांशी नाते सांगणारी शाखा काढली. गंमत म्हणजे १७८२मध्ये विल्हेल्म्सबाडच्या अधिवेशनात त्या शाखेच्या लोकांनीच हा वारशाचा दावा सोडून दिला. मेसनांनी सोडलेली कथा कादंबरीकारांनी मात्र अजून सोडलेली नाही.

या कथेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो, तो लेखात यायला हवा होता. जेम्स बर्न्स हा कंपनी सरकारचा डॉक्टर आणि मेसन. टेम्प्लरांचा इतिहास त्याने १८३७मध्ये लिहिला आणि त्या परंपरेवर त्याची मनापासून श्रद्धा होती. त्याच काळात माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतल्या गोऱ्यांच्या लॉजमध्ये प्रवेश मिळेना, म्हणून त्यांनी पॅरिसमध्ये दीक्षा घेतली. अखेर १८४३मध्ये बर्न्सनेच पुढाकार घेऊन ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी उघडले. क्रुसेडच्या वीरांनी भारावलेल्या माणसाने अग्निपूजकांना बंधू म्हणून आत घेतले, हे मला त्या सगळ्या गुप्त खजिन्यांहून मोठे वाटते.

आज इंग्लंडच्या परंपरेत ‘नाइट्स टेम्प्लर’ ही वेगळी, जोड पदवी आहे आणि ती ख्रिस्ती श्रद्धा असलेल्यांनाच मिळते. म्हणजे माझ्यासारख्या हिंदू मेसनला त्या ‘वारशात’ वाटाच नाही! मूळ तीन पदव्यांत मात्र असली अट नाही. आमच्याकडे गीता, कुराण, बायबल, अवेस्ता अशा ग्रंथांवर आपापल्या श्रद्धेप्रमाणे शपथ घेतली जाते आणि लॉजमध्ये धर्मावर वाद घालायला बंदी आहे.

तरीही टेम्प्लरांचा अखेरचा प्रमुख जाक द मोले याचे नाव निघाले की आदर वाटतो. छळाखाली दिलेली कबुली त्याने सर्वांसमक्ष मागे घेतली आणि त्यापायी १३१४मध्ये पॅरिसला जिवंत जळणे पत्करले. अमेरिकेत १९१९मध्ये मेसनांनी तरुणांची संघटना काढली ती त्याच्याच नावाने. पण १०९९मध्ये क्रुसेडरांनी जेरुसलेममध्ये केलेली कत्तलही त्याच इतिहासात आहे. तिच्याकडे काणाडोळा करून फक्त पांढऱ्या झग्यावरचा लाल क्रूस मिरवणाऱ्या परदेशी बंधूंशी माझे पटत नाही.

पुरवणीत पुन्हा हा विषय घेणार असाल, तर कृपया माणेकजींवर लिहावे. मुलींच्या शिक्षणासाठी झटलेला हा माणूस मुंबईकरांनाही फारसा ठाऊक नाही.

आपला,
एक वाचक, पुणे