बाबांच्या नायट्याविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस सा. न. वि. वि.

बाबांच्या जांघेतला नायटा मलम लावले की बरा दिसतो आणि थांबवले की दुपटीने पसरतो, असे आईने सांगितले, म्हणून मी त्या ट्यूबचा फोटो मागवला होता. तिच्यात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल हे तीव्र स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली लगेच दबते, पण त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते व बुरशीला रान मोकळे मिळते. शिवाय जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे कायमचे वळ उमटू शकतात. २०१८ साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ती सर्रास मिळतात. बाबा, ती ट्यूब कृपया बंद करा. सुरुवातीला खाज उसळेल, तेव्हा पुन्हा तिच्याकडे वळू नका.

रक्त बिघडल्याने हे होते, ही आत्याची समजूत खरी नाही. त्यामुळे तिने दिलेला काढा राहू द्या. ही बुरशी कातडीच्या वरच्या थरावर, केसांवर आणि नखांवर जगते, घाम व ओल मिळाली की फोफावते, आणि मधुमेह असेल तर तिला आणखीच फावते. पावसाळ्यात दमट राहिलेली अंतर्वस्त्रे आणि दोघांत एकच टॉवेल, हे तिच्या सोयीचेच आहे. आई, तुझ्या पायांच्या बोटांतल्या चिखल्याही बहुधा याच जातीच्या आहेत, तेव्हा दोघांनीही एकदमच त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. एकाचाच उपचार झाला तर दुसऱ्याकडून ती परत येते.

डॉक्टर बहुधा कातडी खरवडून तपासतील. मलम दिले तर ते चट्ट्याच्या कडेपलीकडे बोटभर लावायचे, कारण बुरशी कडेलाच जोमात असते, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे चालू ठेवायचे. टर्बिनाफाइन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी बुरशी आपल्या देशात बरीच पसरली आहे, त्यामुळे पूर्वी महिनाभरात आटपणारा उपचार आता लांबू शकतो. इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्या, तर त्यांचे कोलेस्टेरॉलच्या काही औषधांशी जमत नाही आणि हृदय कमकुवत असेल तर त्या टाळतात. म्हणून बाबांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि ती ट्यूबही सोबत न्या.

टॉवेल वेगळे करा, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात घाला, आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवा. शनिवारी सकाळची वेळ मी घेऊन ठेवते.

तुमची लेक