अंडरवॉटर मोडमधील बंदिस्त सेटिंग आणि पुसली जाणारी पसंती : ॲक्शन कॅमेऱ्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : ॲक्शन कॅमेऱ्याच्या अंडरवॉटर मोडमध्ये कोणतीही सेटिंग बदलता न येणे, साध्या मोडमध्ये केलेली सेटिंग टिकून न राहणे आणि त्यामुळे पाण्याखालचे चित्रीकरण निरुपयोगी ठरणे.

संदर्भ : आपल्या संकेतस्थळावरून केलेली खरेदी आणि ग्राहक सेवा विभागाशी ईमेलद्वारे झालेला पत्रव्यवहार.

महोदय,

मी मालवणचा रहिवासी असून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबासाठी येणाऱ्या पर्यटकांचे पाण्याखालचे चित्रीकरण करून देणे हा माझा स्वयंरोजगार आहे. त्यासाठी मी आपला कॅमेरा आणि ६० मीटर खोलीपर्यंत चालणारे त्याचे हाउसिंग (जलरोधक आवरण), अशा दोन्ही वस्तू आपल्या संकेतस्थळावरून एकत्रच विकत घेतल्या. हाउसिंगबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यात आजवर पाण्याचा थेंब शिरलेला नाही. तक्रार आहे ती कॅमेऱ्याच्या आतल्या प्रणालीबद्दल. आपल्या जाहिरातीत ‘कोणत्याही खोलीवर नैसर्गिक रंग’ आणि ‘संपूर्ण नियंत्रण तुमच्या हाती’ असे दोन दावे शेजारी शेजारी केलेले आहेत. त्यांतला पहिला आमच्या समुद्रात खरा ठरत नाही आणि दुसरा कॅमेरा हाउसिंगमध्ये बंद केल्याक्षणी संपतो.

अंडरवॉटर मोड निवडताच कॅमेरा फोर के आकार, सेकंदाला ६० फ्रेम, स्टॅबिलायझेशन (चित्राचा हादरा कमी करणारी सोय) सर्वांत वरच्या पातळीवर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटो आणि आयएसओला (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता; ती चढली की चित्र रवाळ होते) वरची मर्यादा नाही, अशी मांडणी स्वतःच ठरवून टाकतो. हे सर्व पर्याय पडद्यावर फिकट दिसतात आणि त्यांना हात लावता येत नाही. ही निवड कोणत्या पाण्यासाठी आणि किती खोलीसाठी केली आहे, याचा माहितीपुस्तिकेत एका ओळीचाही उल्लेख नाही.

पाण्यात उतरल्यावर सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो. पाच मीटरवरच तो बराच मंदावतो आणि दहा मीटरच्या सुमारास जवळजवळ नाहीसा होतो. यात केवळ पृष्ठभागापासूनची खोली धरून चालत नाही; मासा आणि भिंग यांच्यामध्ये जेवढे पाणी असते तेवढेही त्यात मिळवावे लागते. अंदमान किंवा लक्षद्वीपसारख्या निळ्या, नितळ पाण्यात लाल रंग थोडा वाढवला की चित्र सुधारते, हे मला मान्य आहे. कोकण किनाऱ्यालगतचे पाणी मात्र बहुतेक वेळा हिरवे असते, कारण त्यात सूक्ष्म वनस्पतिप्लवक आणि गाळ असतो आणि तेथे लालबरोबर निळा रंगही शोषला जाऊन हिरवाच उरतो. अशा पाण्यात केवळ लाल वाढवला तर हिरवा आणि लाल मिळून सगळ्या दृश्यावर काविळीसारखी पिवळट झाक येते. सोबतच्या पहिल्या फाइलमध्ये नेमके हेच झाले आहे. तिच्यातला तांबोसा हा तांबडा मासा तपकिरी दिसतो, वाळू मातकट दिसते आणि पर्यटकाचा चेहरा आजारी माणसासारखा दिसतो. शिवाय जिथे लाल प्रकाश पोहोचलेलाच नाही, तिथे लाल वाढवणे म्हणजे सेन्सरचा खरखरीतपणा वाढवणे, आणि तोही खडकांच्या सावल्यांत स्पष्ट दिसतो.

त्याहून मोठा दोष असा, की व्हाइट बॅलन्स ऑटोवरच राहत असल्यामुळे एकाच सलग दृश्यात रंग वारंवार बदलतात. पिवळा सिलिंडर चौकटीत आला की चित्र एका बाजूला झुकते, सोडलेल्या हवेचे बुडबुडे समोरून गेले की दुसऱ्या बाजूला आणि वाळू दिसू लागली की तिसरीकडेच. टॉर्च लावल्यावर तर कहर होतो. टॉर्चच्या उजेडात लाल रंग आधीच असतो, त्यात आपला मोड आणखी लाल ओततो आणि जवळचा खडक विटेसारखा लालभडक दिसू लागतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्व्हिनसारख्या एका आकड्यावर बांधून ठेवता आला, तर चित्र हिरवट का होईना, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच हिरवट राहते आणि संगणकावर एकदाच दुरुस्त करता येते. क्षणाक्षणाला बदललेले रंग मात्र दुरुस्त करायचे झाल्यास प्रत्येक दृश्याचे तुकडे करून बसावे लागते, आणि संध्याकाळी परत निघणाऱ्या पर्यटकाला तोपर्यंत थांबवून ठेवता येत नाही.

फ्रेमच्या संख्येबाबतही हीच सक्ती आहे. सेकंदाला ६० फ्रेम घेताना एका फ्रेमला जास्तीत जास्त १/६० सेकंद उजेड मिळू शकतो. ३० फ्रेमवर तोच काळ १/३० सेकंदापर्यंत, म्हणजे दुप्पट, वाढवता येतो. ढगाळ दिवशी, गढूळ पाण्यात हा दुप्पट उजेड फार मोलाचा असतो. तो मिळत नसल्यामुळे कॅमेरा आयएसओ चढवत नेतो. आपल्याच कॅमेऱ्याच्या फाइलमधील नोंदींत तो ३२०० पर्यंत गेलेला दिसतो आणि माशांच्या खवल्यांच्या जागी नुसता रवाळ चिकट पट्टा उरतो. मला ३० फ्रेम आणि आयएसओची कमाल मर्यादा ८०० हवी आहे. एवढ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याकडून यापेक्षा वेगळी मागणी पाण्याखाली काम करणारा कोणी करील, असे मला वाटत नाही.

स्टॅबिलायझेशनचा मुद्दा कदाचित आपल्या अभियंत्यांच्या लक्षात आला नसावा, म्हणून तो जरा विस्ताराने लिहितो. हाउसिंगची काच सपाट आहे. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे अशा काचेतून वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठी दिसते आणि भिंगाचा कोन तेवढा अरुंद होतो. त्यातून उरलेल्या चौकटीच्या कडा स्टॅबिलायझेशन कापून टाकते. परिणामी पर्यटक आणि त्याचा प्रशिक्षक या दोघांना एका चौकटीत बसवायचे तर मला मागे सरकावे लागते, आणि गढूळ पाण्यात मागे सरकलेला प्रत्येक हात मधल्या पाण्याचा पडदा जाड करत जातो. पाण्याखालच्या चित्रीकरणाचा पहिला नियम ‘जवळ जा’ असा आहे; आपला मोड मला त्याच्या उलट दिशेला ढकलतो. शिवाय कॅमेरा किती हलला याचा हिशेब हवेतल्या कोनांवर बेतलेला असेल, तर पाण्यात तो अपुराच पडणार, कारण तिथे तेवढ्याच हालचालीने चित्र जास्त सरकते. कडांना दिसणारी थरथर याच कारणाने होत असावी, असा माझा अंदाज आहे. पाण्यात शरीर आपोआपच संथ हलते, हात स्थिर ठेवता येतो. तिथे हे स्टॅबिलायझेशन बंद करण्याची मुभा असणे एवढेच पुरेसे आहे.

यावर, साधा मोड वापरावा आणि हवी ती सेटिंग हाताने करावी, असे आपल्या प्रतिनिधीने सुचवले. तसे करून पाहिले असता दुसराच दोष समोर आला. बॅटरी वाचवण्यासाठी कॅमेरा थोड्या वेळाने आपोआप बंद होतो आणि हाउसिंगच्या बटणाने पुन्हा चालू केला की तो मी ठेवलेली सेटिंग विसरून कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर उघडतो. किनाऱ्यावर असताना हे पडद्याला स्पर्श करून दुरुस्त करता येते. पाण्याखाली हाउसिंगमधून स्पर्शपडदा चालत नाही आणि हाउसिंगला दोनच बटणे आहेत, ज्यांनी केवळ चित्रीकरण चालू-बंद करता येते आणि मोड बदलता येतो. आपोआप बंद होण्याची वेळ वाढवली तर बॅटरी शेवटच्या पर्यटकापर्यंत टिकत नाही, आणि होडीवर ओल्या हातांनी, खारे पाणी उडत असताना हाउसिंग उघडणे कोणत्याही जाणत्या माणसाने टाळावे असे आहे. थोडक्यात, ज्या मोडमध्ये सेटिंग टिकते तिथे ती बदलता येत नाही आणि जिथे बदलता येते तिथे ती टिकत नाही.

माझ्या ईमेलना आलेली उत्तरेही या तक्रारीचा भाग आहेत. कार्ड मंद असल्याची शंका पहिल्या उत्तरात होती. माझे कार्ड व्ही३० श्रेणीचे आहे, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिते, आणि आपल्याच पुस्तिकेप्रमाणे कॅमेऱ्याचा कमाल दर सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे साडेबारा मेगाबाइट आहे. रंग बिघडण्याशी कार्डाचा काय संबंध, हा प्रश्न वेगळाच. दुसऱ्या उत्तरात वेगळे पैसे भरून लाल फिल्टर घेण्याचा सल्ला होता. लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतो, हिरव्या पाण्यासाठी मॅजेंटा (किरमिजी) फिल्टर लागतो आणि कोणताही फिल्टर आधीच अपुऱ्या असलेल्या उजेडात आणखी घट करतो. जाहिरातीत जे कॅमेरा स्वतः करतो असे लिहिले आहे, त्यासाठी ग्राहकाने वेगळी वस्तू का घ्यावी, याचे उत्तर मिळालेले नाही. तिसऱ्या उत्तरात स्वच्छ पाणी असलेल्या ठिकाणी चित्रीकरण करावे, असे कळवण्यात आले. माझा व्यवसाय जिथे आहे तिथलेच पाणी मला चित्रित करायचे आहे. ‘कोणत्याही खोलीवर’ असे छापताना ‘केवळ निळ्या पाण्यात’ हे शब्द आपल्याला जोडता आले असते.

तरी माझी मागणी अशी आहे, की अंडरवॉटर मोडमध्ये व्हाइट बॅलन्स, आयएसओची कमाल मर्यादा, फ्रेमची संख्या आणि स्टॅबिलायझेशन हे चार पर्याय ग्राहकाला खुले करणारे आणि कॅमेरा बंद होऊन चालू झाल्यावरही ते कायम ठेवणारे फर्मवेअर (कॅमेऱ्यातील अंगभूत सॉफ्टवेअर) आपण उपलब्ध करून द्यावे, आणि ते कधी मिळेल हे निश्चित तारखेसह लेखी कळवावे. ते शक्य नसेल तर कॅमेरा परत घेऊन त्याची पूर्ण किंमत परत करावी. त्यात हाउसिंगचीही किंमत धरावी, कारण ते दुसऱ्या कोणत्याही कॅमेऱ्याला बसत नाही. दरम्यान जाहिरातीतील रंगाबाबतच्या दाव्यात पाण्याच्या प्रकाराचा स्पष्ट उल्लेख करावा.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे अपेक्षित आहे. कॅमेरा व्यवसायासाठी घेतला म्हणून मी ग्राहक ठरत नाही, असे उत्तर कृपया देऊ नये; स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू घेणारा ग्राहकच असतो, हे ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) च्या स्पष्टीकरणात नमूद आहे. मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास मी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची तरतूद कायद्यात असल्याने आपल्या मुख्यालयाचे अंतर त्यात आड येणार नाही.

सोबत खरेदीची पावती, आपल्या जाहिरातीचे छायाचित्र, तिन्ही उत्तरांच्या प्रती आणि कोणतीही दुरुस्ती न केलेल्या मूळ फाइल जोडल्या आहेत. फाइल तपासताना त्यांतील आयएसओ आणि व्हाइट बॅलन्सच्या नोंदी अभियंत्यांनी स्वतः पाहाव्यात, अशी विनंती आहे.

आपला ग्राहक,
मालवण, जि. सिंधुदुर्ग